गोठ्यातली फियाट

गाडी ठेवायची की भंगारात द्यायची, याचा विचार करायला नेत्राच्या थोरल्या दिराने, विपुलने, घरच्या सगळ्यांना रविवारी नाश्त्यानंतर बोलावलं होतं, आणि भंगारवाल्याला नाश्त्याच्या आधी. त्यामुळे नेत्रा पोह्यांचं पातेलं घेऊन ओटीवर आली तेव्हा रईसभाईचा टेम्पो दारात उभा होता, आणि रईसभाई स्वतः खुर्ची ओढून अंगणात उन्हाला बसले होते. पाहुणा म्हणून पहिली प्लेट त्यांनाच द्यावी लागली.

"जल्दी नहीं है भाभी," प्लेट घेत ते म्हणाले. "आप लोग पहले आपस में झगड़ लो."

त्यांना लिंबाची फोड हवी होती. नेत्राने ती आणून दिली.

गाडी गोठ्यात होती. गुरं विकली त्याला बरीच वर्षं झाली, पण शेणामुताचा वास अजून भिंतींत होता, आणि त्या वासात नेत्राच्या सासऱ्यांची, चिंधूंची फियाट उभी होती. ती त्यांनी भिवंडीच्या एका लूमवाल्या शेठकडून घेतली तेव्हा शेलार गावात चार चाकं म्हणजे एकामागे एक चाललेल्या दोन बैलगाड्या. त्या गाडीने गावच्या नवऱ्या सासरी पोचवल्या, बाळंतिणी दवाखान्यात नेल्या, आणि एकदा निवडणुकीत दोन्ही उमेदवारांचा प्रचार केला. मग एका पावसाळ्यात खालचा पत्रा सडला, पाय ठेवला की रस्ता दिसायला लागला, आणि चिंधूंनी ती गोठ्यात घालून वर ताडपत्री टाकली. ती ताडपत्री गेल्या होळीपर्यंत कोणी उचलली नाही.

उचलली ती दीपेशने, नेत्राच्या नवऱ्याने. त्याआधीचं वर्षभर त्याने घरात काहीच उचललं नव्हतं.

राहनाळच्या गोडाऊनमध्ये तो फोर्कलिफ्ट चालवायचा. एका शिफ्टला रॅक कोसळला, चार मजली माल घेऊन. खाली दोघं सापडले. दीपेशचा पाय गेला नाही, त्यात सळी घालून तो जुळला. दुसरा दिनेश, अकलोलीच्या वरच्या पाड्यातला लोडर. दीपेशच्याच शिफ्टला कैक वर्षं होता. तो तिथंच गेला. पाय बरा झाला आणि दीपेश मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला. वाढलं की जेवायचा. विचारलं की मान हलवायचा. डॉक्टर म्हणाले वेळ लागेल, देवऋषी म्हणाला कोंबडं लागेल. नेत्राने दोन्ही दिलं.

होळीनंतर एका सकाळी तो गोठ्यातून आला, हात लाल गंजाने भरलेले, आणि म्हणाला, "पत्रा पार गेलाय."

पत्रा गेल्याचा इतका आनंद कोणाला कधी झाला नसेल. नेत्रा मोरीत तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ धूत राहिली.

त्यानंतर तो बोलायला लागला, पण फक्त गाडीचं. पोरीच्या कॉलेजचं विचारलं की गप्प. दिनेशचं नाव निघालं की ताटावरून उठायचा. ब्रेकचं काय झालं असं विचारलं की मात्र भात थंड होईपर्यंत सांगायचा. मग नेत्रा ब्रेकचं विचारायला शिकली. कार्ब्युरेटर, चोक, लांबी कुठं भरली, पॉलिश पेपर कुठला मारला. गावातल्या बायका तिच्याकडे ब्लाऊज शिवायला यायच्या, त्यांच्यासमोर ती कपाळावर हात मारून सांगायची, "माज्या नशिबात सवत आली, ती पन गंजलेली." त्या हसायच्या. घरात गाडीच्या नावाने सगळ्यात जास्त ओरडायची तीच. चहाच्या गाळणीतून त्याने पेट्रोल गाळलं तेव्हा तर गल्लीपर्यंत आवाज गेला.

आणि गणपतीच्या आधी रोटर आला. इंजिनाच्या बाजूला, ठिणगी वाटणाऱ्या डेल्कोच्या टोपणाखाली बसणारा तपकिरी तुकडा, अंगठ्याएवढा. "हा नसला तर सगळी गाडी मेलेली," दीपेश हातावर ठेवून दाखवत म्हणाला. "हा बसवला का झाली चालू. काम संपलं."

काम संपलं हे दोन शब्द नेत्राला दिवसभर पुरले. संपल्यावर हा माणूस काय करेल, कुठल्या खोलीत बसेल, कुठल्या भिंतीकडे तोंड करेल, हे तिला डोळ्यांपुढे दिसलं. दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेला तेव्हा तिने रोटर उचलला आणि शिलाई मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीत ठेवून दिला. दीपेशने गोठा उलटापालटा केला. "उंदरानं न्हेला असंल," शेवटी तो म्हणाला, आणि चांगला बसलेला दरवाजा काढून पुन्हा बसवायला घेतला.

दुसरा रोटर आणायला तो कधी गेला नाही, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

"विषय एकच हाय," विपुल ओटीवर उभा राहून म्हणाला. दीपेशचा हा मोठा भाऊ एकदा ग्रामपंचायतीत मेंबर होता. ती टर्म संपली, पण बोलण्यातून गेली नव्हती. "गोठा पाडायचा आन् तिकडं रस्त्याच्या अंगाला गाळा काढायचा. गाळा दोघांचा. त्यासाठी गाडी हलवायला पायजे. गाडी चालत न्हाय, म्हनून रईसभाई आलेत. कोनाला काय बोलायचंय?"

"गाडी कोनाची?" चिंधूंनी विचारलं.

"तुमची, बाबा."

"माजी गाडी पांढरी व्हती. मलईवानी. ती निळी कोनाची हाय?"

दीपेशने गाडीला फिकट निळा रंग मारला होता आणि त्याआधी वडिलांना विचारलं नव्हतं. तेव्हापासून चिंधू गोठ्यात पाऊल टाकत नव्हते. फक्त दारात उभे राहून खाकरत.

"बाबा, रंगाचा विषय वेगळा हाय."

"मंग निळी न्या. माजी सोडून कोनाची बी न्या." चिंधूंनी पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढायला सुरुवात केली. दात नव्हते.

हे ऐकून सासूबाई सावरून बसल्या. तुळजाबाई सकाळपासून भंगाराच्या बाजूच्या होत्या. गाडीखाली नाग राहतो असं त्यांचं म्हणणं होतं. पण लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याच्या बाजूने कधी मत दिलं नव्हतं आणि आज सुरुवात करायचं त्यांना काही कारण दिसेना.

"न्हेतील कशी?" त्या म्हणाल्या. "पोरगा एवढा राबला. ऱ्हाऊ दे गाडी."

"आये, काल तू बोललीस नाग हाय."

"त्यो बी ऱ्हाऊ दे."

विपुलने बायकोकडे पाहिलं. हेमाली म्हणाली, "मी काय बोलनार? माजं आन् नेत्राचं झालंय बोलनं. आमी दोघी एका मताच्या." आणि तिने नेत्राकडे पाहून मान हलवली, तू बोल म्हणून.

झालं होतं बोलणं, हे खरं. गेल्याच आठवड्यात विहिरीवर कपडे धुताना नेत्रा म्हणाली होती, न्या एकदाची, माझी मोरी तरी त्याच्या गंजातेलातून मोकळी होईल. ती असं रोजच म्हणायची. पण हेमालीने ते जाऊन विपुलला सांगितलं, आणि विपुलने रईसभाईला फोन केला. इतकं सरळ होतं ते.

"बोल नेत्रा," विपुल म्हणाला. त्याचा आवाज उतरला. मीटिंगचा राहिला नाही. "मी काय वैरी हाय का त्याचा? राहनाळला माज्या वळकीत सुपरवायझरची जागा हाय. बसून काम. हात चालत्यात, डोकं चालतंय, मंग गोठ्यात किती दिस काढायचं त्यानं? गाडी गेली का त्यो भाईर पडंल. मला वाटतंय तसं. तुला काय वाटतंय?"

त्याला खरंच वाटत होतं. दवाखान्यात दीपेशच्या उशाशी जागायला तोच होता. नेत्राला त्याच्यावर रागवता येईना.

तिने दीपेशकडे पाहिलं. तो पायरीवर बसला होता. पोहे तसेच होते. आणि ती बघत असतानाच त्याने प्लेट उचलली, बूड जरासं सरकवलं, आणि सगळ्यांकडे पाठ करून भिंतीकडे वळला.

"चालू झाली तर?" नेत्रा म्हणाली.

हेमालीने पातेल्यातला चमचा खाली ठेवला.

"चालू व्हायची असती तर झाली असती की," विपुल म्हणाला.

"झाली तर ठेवायची का, ते बोला दादा."

"आज झाली तर मी सोता हार घालतो तिला. रईसभाई साक्षीला हायत."

"मैं गवाह हूँ," रईसभाई म्हणाले. त्यांनी दुसऱ्यांदा पोहे घेतले होते.

"रोटर न्हाय," दीपेश भिंतीला म्हणाला.

नेत्रा आत गेली. खण उघडायला लागला नेहमीसारखाच जोर. बॉबिनच्या डबीत रोटर होता, त्याला लाल दोऱ्याचा एक तुकडा चिकटलेला. तो तिने पुसून काढला. मशीनमागं सापडला म्हणू, हे तिने ओटीपर्यंत येईतो ठरवलं. पण दीपेश पायरीवर नव्हता. तो गोठ्यात गेला होता आणि बॉनेट उघडून उभा होता.

ती त्याच्याजवळ गेली आणि मूठ उघडली.

"मशीनच्या खनातला ना?" तो म्हणाला.

तिने मान हलवली.

"गणपतीतच बगितला. शर्टाचं बटन लावायला सुई शोधत व्हतो."

"मंग बोलला का न्हाई?"

"तू बोललीस?" त्याने रोटर घेतला, उजेडात फिरवून पाहिला. "मला बी घाई नव्हती. गाडी झाली का सगळी बोलनार, चल, आता कामाव जा. कामाच्या आदी मला एकीकडं जायचंय. तितं जायाचं म्हंजे…" तो डेल्कोचं टोपण काढायला लागला. "गाडी झाल्याबिगर काय जायचं, असं सोताला सांगत व्हतो. मंग रोटर गेला. मला बरं वाटलं."

"कुठं जायचंय?"

"अकलोलीच्या वरती."

अकलोलीच्या वरती त्यांचं कोणी नव्हतं. होतं ते एकच घर, जिथं दीपेश कधी गेला नव्हता, आणि नेत्राने कधी जाऊ या म्हटलं नव्हतं. तिने टोपण हातात धरून ठेवलं. त्याने रोटर बसवला. तो बसतो तेव्हा कट्ट असा बारीक आवाज होतो, हे त्याने तिला जेवताना सांगितलं होतं. तसा झाला.

बॅटरी मात्र उतरलेली निघाली. विपुल म्हणाला, हे नियमात बसत नाही, पण तुळजाबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो जाऊन आपल्या टेम्पोची बॅटरी काढून घेऊन आला. दीपेश आत बसला. पहिल्यांदा इंजिन खोकलं. दुसऱ्यांदा नुसतं कण्हलं.

"चोक वढ!" गोठ्याच्या दारातून आवाज आला. चिंधू लुंगी सावरत उभे होते. "आर्दा! आर्दा वढ, सगळा न्हाय. आन् पाय सोड. जीव काडशील तिचा."

"निळी हाय ती, बाबा," विपुल म्हणाला.

"आतून माजीच हाय," चिंधू म्हणाले, आणि आत आले.

तिसऱ्यांदा गाडी धुराचा लोट सोडून चालू झाली. कोंबड्या पांगल्या. गोठ्याच्या पत्र्यावरून धूळ पडली आणि नव्या निळ्या रंगावर बसली. इंजिन थरथरत, फुरफुरत होतं, पण थांबत नव्हतं. हेमालीने कानांवर हात ठेवले. रईसभाईंनी प्लेट खाली ठेवली, रुमालाला हात पुसले आणि उठले.

"यह तो ज़िंदा है," ते विपुलला म्हणाले. "ज़िंदा माल मैं नहीं उठाता." आणि टेम्पोत बसून निघूनही गेले.

विपुल गाडीभोवती एक चक्कर मारून आला. मग म्हणाला, "हार आनलेला न्हाय." हे त्याने माफी मागितल्यासारखं म्हटलं. मग आपल्या टेम्पोची बॅटरी गाडीतच राहू दिली, फक्त ती नीट बांधली आहे का ते वाकून पाहिलं.

चिंधूंनी पुढचा दरवाजा उघडला आणि एक पाय आत टाकला.

"बाबा, आज न्हाय," दीपेश म्हणाला.

चिंधू तसेच थांबले. त्या गाडीत पुढची सीट त्यांना कोणी नाही म्हटल्याचं घरात कोणाला आठवत नव्हतं. त्यांनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं कोण जाणे, पाय बाहेर काढला आणि दरवाजा नेत्रासाठी धरला.

"दुसरा गेर जड हाय तिचा," ते एवढंच म्हणाले.

"विमा तरी हाय का?" विपुलने मागून ओरडून विचारलं.

"काढलाय. गणपतीतच," दीपेश म्हणाला आणि गाडी अंगणाबाहेर घेतली.

वाडा रोडवर कंटेनर दोन्ही बाजूंनी जात होते. खड्डा आला की फियाट आधी पुढून, मग मागून, मग मधूनच कुठूनतरी वाजायची. नेत्रा घरातली साडी तशीच नेसून आली होती, हाताला पोह्यांची हळद होती. अंबाडीपर्यंत दीपेश गाडीचं बोलत होता. पिकप कमी आहे. डावीकडं ओढते. अंबाडीला वळल्यावर तो गप्प झाला. तिने ब्रेकचं विचारलं. त्याने उत्तर दिलं नाही. मग तिनेही विचारायचं सोडलं.

पाड्यापर्यंत रस्ता नव्हता, पण गाडी जाईल एवढी वाट होती. दिनेशचं घर अर्धं कुडाचं, अर्धं विटांचं. अंगणात एक म्हातारा पेंढ्याच्या बांधलेल्या गुंड्या रचत होता. तो दिनेशचा बाप, धाकल्या. गाडी पाहून त्याने काम थांबवलं नाही. हातातली गुंडी जागेवर लावली, मगच वळला.

"कोन पायजे?"

"मी दीपेश. राहनाळचा. दिनेशबरोबर व्हतो."

म्हाताऱ्याने त्याच्या पायाकडे पाहिलं. "पाय मोडला तो तू."

"हां."

"बसा."

बसायला खाट होती. नेत्रा कडेला बसली. धाकल्या जमिनीवर उकिडवा बसला. कुडाच्या भिंतीपलीकडे कोणीतरी सुपात तांदूळ पाखडत होतं. मग दीपेश बोलायला लागला, आणि नेत्राने डोळे मिटले, कारण तो गाडीचं बोलत होता. गाडी वडलांची. गोठ्यात पडून होती. पत्रा सगळा गेला होता, तो नवा मारला. दिनेशला तिचा जुना फोटो एकदा दाखवला होता, त्याला दिव्यांची गोल भिंगं आवडली होती.

धाकल्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेब आलता एक. तो बोलला, लगेच गेला तुमचा पोऱ्या, त्याला काय कललंच नाय. खरं का ता?"

दीपेशने हात गुडघ्यांवर ठेवले. बोटांच्या पेरांत निळा रंग होता.

"न्हाय," तो म्हणाला.

आतलं सूप थांबलं.

"मंग?"

"माल वरून पडला. माजा पाय खाली व्हता आन् त्यो छातीपर्यंत. जवळजवळ व्हतो आमी. मानसं खोकी काढत व्हती, त्याला येळ लागला. त्यो बोलत व्हता."

"काय बोलला?"

"पानी मागलं."

"व्हतं पानी?"

"माजी बाटली व्हती पट्ट्याला. हात पुरला माजा."

"प्याला?"

"प्याला. दोन घोट. थोडं सांडलं. मंग बोलला, थंड हाय." दीपेश थांबला. "मंग न्हाय बोलला."

धाकल्या जमिनीकडे बघत होता. हातात पेंढ्याची एक काडी होती, ती त्याने मोडली नाही, फेकलीही नाही. मग त्याने मान वर केली.

"मंग बरं," तो म्हणाला. आणि कुडाच्या भिंतीकडे तोंड करून जरा मोठ्याने, "सोने, आयकला का?"

"आयकला," आतून बाईचा आवाज आला.

ती, दिनेशची बायको सोनी, बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तांदळाचं सूप होतं. तिने दीपेशकडे पाहिलं नाही. नेत्राकडे पाहून म्हणाली, "भात टाकते. तुमी जेवाल ना आमचे घरी?"

"जेवू," नेत्रा म्हणाली.

दीपेश रडत होता. आवाज नव्हता, नुसतं तोंडावरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं असतं हे त्याच्या लक्षात नव्हतं. धाकल्या उठला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर उभा राहिला, आणि मग गाडीकडे गेला. दिव्याच्या गोल भिंगावरून त्याने तळहात फिरवला. दुसऱ्या बाजूचं भिंगही तसंच पाहिलं.

नेत्राचा फोन वाजला. ती उठून बांधापर्यंत गेली. विपुल होता.

"बंद पडली का?" त्याने विचारलं. मागे चिंधूंचा आवाज येत होता, दुसरा गेर, दुसरा गेर. "कोनाचा तरी टेम्पो घिऊन येऊ का? कुठं हाव तुमी?"

"अकलोलीच्या वरती," ती म्हणाली. "दिनेशचे घरी."

पलीकडे चिंधूंना कोणीतरी गप्प केलं.

"बरं," विपुल म्हणाला. मग हळूच, "त्यो बरा हाय ना?"

नेत्राने मागे वळून पाहिलं. दीपेश खाटेवरून उठला होता. सोनी चुलीपाशी बसून त्याला काहीतरी विचारत होती, आणि तो ओल्या तोंडाने, सळी घातलेला पाय जरा ओढत, तिच्यासाठी लाकडं उचलून नेत होता.

"जेवून येतो आमी," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.